समुद्राकडची भिंत

सान तेल्मोची खाडी
११ मार्च १९९२

ओफेलिया,

बाबांनी सांगितलं म्हणून हे पत्र. त्यांचा निरोप असा: ‘डोळ्यांवरचा वडस वाढत चाललाय. बुबुळ पार झाकायच्या आत ये. तुला खडकाच्या खुणा द्यायच्या आहेत.’ झाला निरोप. एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही.

आता माझं ऐक. येऊ नकोस.

दचकलीस? दचक. तू हंगामाच्या ऐन भरात एवेलिओच्या बर्फाच्या ट्रकमध्ये बसून निघून गेलीस, तेव्हा आम्हीही दचकलोच होतो. बाबांनी तुझ्या बुडी मारायच्या रबरी चपला चिडून समुद्रात भिरकावल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच पाण्यात उतरून त्या शोधत बसले. एक सापडली. ती अजून खुंटीवर टांगलेली आहे. मी इतकी वर्षं इथं आहे, पण माझी एक चप्पल कुणी खुंटीला टांगली असेल तर शपथ.

खुणा म्हणे. आजोबांनी बाबांना दिल्या, आता बाबा तुला देणार. एकालाच द्यायच्या, होडीत बसवून, तोंडानं सांगायच्या, कागदावर कधी उतरवायच्या नाहीत. मला कुणी कधी सांगितलं नाही, तरी एवढं कळतं की जमिनीवरच्या दोन वस्तू एकीखाली एक आल्या की एक रेघ होते, दुसऱ्या बाजूच्या दोन आल्या की दुसरी, आणि दोन्ही रेघा छेदतात तिथं पाण्याखाली बाबांचा खडक. सगळ्या खाडीचे मोठे हेकरू मासे त्या खडकाच्या कपारीत. कुठल्या चार वस्तू, ते एकट्या बाबांना ठाऊक. गळ टाकायला येणाऱ्या पाहुण्यांना नेताना ते मुद्दाम होडी गोल गोल फिरवतात. तुलाही पाठमोरी बसवायचे, आठवतं? तेव्हा मला फार बरं वाटायचं.

मी विचारलं, "बाबा, तिला एवढ्या लांबून कशाला? मी आहे की इथं." तर म्हणतात कसे, "तुला कशाला हव्यात खुणा? तू कुठं जाणार आहेस?" म्हणजे जी गेली तिलाच मिळणार, कारण ती गेली! हा कुठला न्याय, तूच सांग.

बाकी ठीक. सान होसेचा सण आला, तेव्हा यंदाही चुन्याचं पोतं आणून टाकलंय. ‘स्वयंपाकघराची समुद्राकडची भिंत पांढरी कर.’ दरवर्षी तेच तुणतुणं. आत धुरानं सगळं काळंठिक्कर, छपराच्या झावळ्या वाऱ्यानं उडून चालल्यात, त्याचं काही नाही. मागची भिंत मात्र पांढरीशुभ्र हवी! स्वयंपाकघर टेकाडावर, होडी लागते ती कड्याच्या आड. ती भिंत दिसते फक्त समुद्रातून. कोण बघतंय, मासे?

एवेलिओला विचारलंय म्हणून सांग. किंवा नको सांगूस.

आम्पारो


६ एप्रिल

ओफेलिया,

तुझं पत्र आलं, फोटोही आला. बर्फवाल्यानं पाकीट हातात दिलं तेव्हाच बाबांनी वासावरून ओळखलं म्हणे. कसला वास? पाकिटाला मासळीचा आणि डिझेलचा वास येत होता.

फोटो छान आहे. एन्सेनादात तुझं स्वतःचं घर, भिंतीला मातकट गुलाबी रंग, कुंडीत फुलं, तू भिंतीला टेकून उभी, एक पाय दुमडून. अशीच उभी राहायचीस ना होडीच्या टोकावर, पाहुण्यांचे कॅमेरे निघाले की? आणि शेजारी एवेलिओ. पोट सुटलंय त्याचं. तू त्याला काय खायला घालतेस देव जाणे. माझ्या हातचा वागळी माशाचा तिखट किस खाताना तो डोळ्यांतून पाणी काढायचा आणि तरी तिसरी पोळी मागायचा. बर्फाची गाडी आधी माझ्या चुलीपाशी थांबायची, ओफेलिया, मग तुमच्या होडीपाशी जायची. हे तुला माहीत होतं की नाही, ते मी आजपर्यंत विचारलं नाही. आजही विचारत नाही.

बाबांना फोटो धड दिसत नाही, म्हणून रोज जेवताना मला वर्णन करायला लावतात. ‘भिंत कुठल्या रंगाची? ती हसतेय का? दात दिसतायत?’ मी घास हातात धरून तुझे दात मोजतेय! मग फोटो देव्हाऱ्यात कार्मेन माउलीच्या शेजारी लावला. परवा पाहुण्यांची टोळी आली. तो उंच म्हातारा वॉल्टर आठवतो ना, सरहद्दीपलीकडचा, दरवर्षी आपल्या पुळणीवर तंबू ठोकतो तो? किनाऱ्यावरून गळ टाकून तो तुरेवाला मासा तासभर झुंजवतात, फोटो काढतात, मुका घेतात आणि सोडून देतात. मला वाटतं यांची लग्नंही अशीच होत असावीत. तर बाबांनी वॉल्टरला फोटो दाखवला. "माझी मुलगी. इथल्या पाण्यात हिच्यासारखी बुडी मारणारं कुणी झालं नाही." मी तिथंच कॉफी ओतत होते. वॉल्टरनं माझ्याकडे बघून विचारलं, "आणि ही?"

बाबा म्हणाले, "ही? ही आम्पारो. ही इथलीच."

इथलीच! चुलीतल्या लाकडासारखी, पाण्याच्या पिंपासारखी. अंगाचा नुसता तिळपापड झाला. किटली आपटून मी तडक टेकाडावर गेले.

चुन्याचं पोतं तसंच पडलं होतं. ते दिलं कोपऱ्यात ढकलून. ओढ्याच्या पात्रातली तांबडी माती आणली, चाळली, त्यात थोडा चुना आणि निवडुंगाचा चीक कालवला, तुझा फोटो समोर धरला आणि रंग जुळेपर्यंत ढवळत बसले. अख्खी भिंत रंगवली. आता माझीही भिंत मातकट गुलाबी आहे. तुझ्यापेक्षा कणभर चांगलीच दिसते. वॉल्टरची बायको पोहून येताना थांबली, "वा वा" म्हणाली. इथं येऊन कुणी मला "वा वा" म्हणायची ही पहिलीच खेप.

बाबांनी विचारलं, "भिंत झाली का?" मी म्हटलं, "झाली." खोटं काय बोलले?

आम्पारो


२० मे

ओफेलिया,

जुलैत येते म्हणतेस. ये बाई, तुझी वाट बघायला इथं माणसं बसलीत. मी सोडून.

इकडची बातमी चांगली नाही. बाबा पाहुण्यांना घेऊन खडकावर गेले आणि रिकाम्या हातानं आले. एकदा झालं तर म्हटलं, चालायचंच, समुद्र काही बापाचा नोकर नाही. पण पुन्हा तेच. मग पुन्हा. सकाळपासून उन्हं चढेपर्यंत होडी नुसती इकडून तिकडे फिरवतात, नांगर टाकतात तिथं खाली वाळू. वॉल्टरच्या टोळीतले दोघे बुडी मारून आले आणि म्हणाले, "खाली तर वाळवंटच आहे." वॉल्टर भला माणूस, काही बोलला नाही. दुसऱ्यांनी मात्र तोंडं वाकडी केली.

चेमाला तर काय, उकळ्या फुटल्या. त्याची होडी रोज हुरेल आणि तांबोशी माशांनी भरून येते. पुळणीवर सगळ्यांदेखत म्हणाला, "काय डॉन नाबोर, खडकाला पाय फुटले की काय? कुणाबरोबर पळून गेला बघा. तुमच्याकडे ती रीतच आहे." सगळे खो खो हसले. मी हातातलं मासे साफ करायचं पाणी त्याच्या पायांवर ओतलं. तुझ्यासाठी नाही हो, बाबांसाठी.

बाबा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "पोरी, खडक हललाय." मी म्हटलं, "खडक कसा हलेल?" तर म्हणाले, "मग मी हललो असेन."

मी म्हणते, डोळ्यांत वडस आणि मनात तू. माणसाचं चित्त ठिकाणावर नसेल तर होडी कुठून राहणार? सारखं लक्ष रस्त्याकडे. बर्फाची गाडी दिसली की मान वर. ती जवळ असताना तिच्याशी भांडायचं, लांब गेली की तिचा फोटो देव्हाऱ्यात. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय.

लहानपणी तू नळी तोंडात धरून खाली शिंपल्या काढायचीस, मी वर बसून नळी सांभाळायचे. एक हिसका म्हणजे सैल सोड, दोन म्हणजे वर ओढ. तुझा श्वास माझ्या हातात असायचा, ओफेलिया. वर आलीस की टाळ्या तुला. नळी धरणारीला कुणी टाळ्या वाजवत नाही, हे मला मान्य आहे. पण एकदा तरी वळून बघायचंस.

आम्पारो


१९ जून

ओफेलिया,

थोडक्यात लिहिते. बाबा समुद्रावर जायचे थांबले. होडी पुळणीवर पालथी घातलीय. राहिलेले पाहुणे चेमाकडे गेले, वॉल्टरसुद्धा तंबू गुंडाळताना डोळे चोरत होता.

ते कड्यापाशी ओट्यावर बसून असतात. जेवण म्हणजे चार घास. घोटलेल्या राजम्यावर बकरीचं चीज घालून दिलं तरी बोटानं बाजूला सारतात. वर म्हणतात, "ओफेलिया आली की बघू." अरे, म्हणजे भरवणारी मी, आणि भूक लागणार ती आल्यावर!

रात्रंदिवस तुझं नाव ऐकून कान किटलेत. ते म्हणतात लवकर ये. मीही म्हणणार होते. नाही म्हणत.

आम्पारो


१८ जुलै

ओफेलिया,

तू माउलीच्या सणालाही आली नाहीस. एवेलिओला सुट्टी नाही, ऑगस्टात बघते म्हणतेस. बरं. बस खुर्चीत आणि हे पत्र नीट वाच.

दरवर्षी सणाला सगळ्या होड्या कागदी पताका लावून निघतात, आणि मी मागं राहून सगळ्या गावासाठी शिंपल्या उकडत बसते. यंदा बाबा म्हणाले, "मला हाताला धरून न्यायला कुणीतरी हवं." म्हणून गेले. माउलीची मूर्ती यंदा आपल्या होडीत नव्हती, चेमाच्या होडीत होती. आजोबांपासूनचा मान गेला. बाबा टोपी काढून बसले होते. मोटर मीच चालवत होते. मला चालवता येते बरं का, आजवर कुणी विचारलं नाही एवढंच.

फुलं सोडून झाली, बाकीच्या होड्या वळल्या. बाबा म्हणाले, "जरा पुढं घे. भूशिराच्या पार." घेतली. मग त्यांनी हात वर केला, मी मोटर बंद केली. ते जमिनीकडे तोंड करून उभे राहिले, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला. मग म्हणाले, "आम्पारो, तुझं स्वयंपाकघर कुठाय?"

मी म्हटलं, "तिथंच असणार, आणखी कुठं जाणार?"

"डोंगरात खिंड दिसते बघ. तिच्या खाली शोध. पांढरं काही दिसतंय?"

मी बघितलं. समोर तांबूस डोंगर, उतरतीचं ऊन, आणि त्या तांबूस डोंगरात तांबूस भिंत. विरघळून गेलेली. जन्म गेला त्या चुलीपाशी, पण मला माझं स्वतःचं स्वयंपाकघर सापडेना.

मी कशीबशी म्हणाले, "मलाही दिसत नाहीये बाबा."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. कधी ठेवत नाहीत. म्हणाले, "उगी मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस. तुझे डोळे घारीचे आहेत. तुला दिसतेय, मलाच दिसत नाही. तुझ्या आईसाठी ते घर बांधलं तेव्हापासून रोज पाण्यावरून आधी तिची भिंत शोधायचो, ती गेल्यावर तुझी. खिंडीच्या बरोबर खाली भिंत आली की पहिली रेघ. दुसरी रेघ बारीक, ती मला गेल्या हंगामापासूनच दिसत नाही. एका भिंतीच्या जिवावर काढत होतो. आता तीही गेली. संपलं."

आणि रडले. बाबा! आईला मातीत ठेवतानाही रडले नव्हते.

मी मोटर सुरू केली आणि होडी वळवली.

परत येताना म्हणाले, "ही रेघ ओफेलियाला लिहून कळव. कागदावर लिहायची नसते, पण आता कसली रीत. दुसरी ती आल्यावर होडीत सांगेन." बघ. एवढं होऊनसुद्धा दुसरी तुझ्यासाठीच राखून ठेवलीय.

आता खरं सांगते, ऐकवत असेल तर ऐक. घरी आले आणि चुन्याचं पोतं कोपऱ्यातून ओढून बाहेर आणलं. आणि मग तसंच ठेवलं. मनात आलं, भिंत पांढरी केली की बाबा उठतील, होडी सुलटी करतील, आणि ऑगस्टात तू ऐटीत येऊन आयत्या बिळावर बसशील. भिंत अशीच राहिली, तर तुला काही मिळायचं नाही. खिंड दिसेल, भिंत दिसणार नाही, खडक खाली आपला गप्प बसेल. मला गंमत वाटली, ओफेलिया. खोटं कशाला बोलू? जिवाला गार वाटलं.

ते कड्यापाशी बसलेत. मी इथून त्यांची पाठ बघतेय. पोतं दारात आहे, पाणी पिंपात आहे. कुंचला अजून कोरडाच.

आम्पारो


२८ जुलै

ओफेलिया,

मागचं पत्र टाकलं, गाडी डोंगराआड गेली, आणि मला माझीच शिसारी आली. तुझ्यावरचा राग काही गेलेला नाही, तो आहे तिथंच आहे. पण बाबांनी त्या दिवशी जेवताना माझा चेहरा चाचपला. म्हणाले, "तू वाळलीस का गं? मला नीट दिसत नाही." तुझ्या फोटोचं वर्णन विचारणारा माणूस पहिल्यांदा माझ्याबद्दल काही विचारत होता, आणि त्याला आंधळं ठरवून बसले होते मी.

चुना भिजवला. एक हात दिला, वाळू दिला, वर दुसरा दिला, मग रागारागानं तिसराही दिला. उन्हात बघवेना इतकी पांढरी झाली. हात सोललेत, अक्षर बघ.

मग कड्यापाशी जाऊन म्हटलं, "चला."

"कुठं?"

"खडकावर."

"तुझं डोकं फिरलंय का?"

"हो. उठा."

होडी मी एकटीनं सुलटी केली. चेमा आपल्या होडीत जाळं दुमडत होता. ओरडला, "अरे देवा! डॉन नाबोर, आता बाईमाणसाच्या हातात मोटर? भाकऱ्या भाजायला चाललात का पाण्यात?" मी म्हटलं, "तुझी बायको कधी होडीत बसली नाही म्हणून तू इतकी वर्षं बुडालेला आहेस, चेमा. आधी जाळं सरळ धर, उलटं दुमडतोयस." खरंच उलटं होतं. त्याचा भाचाच फिदीफिदी हसला.

भूशिराच्या पार गेल्यावर मी मोटर मंद केली. "बघा," म्हटलं.

"काय बघू? जखमेवर मीठ कशाला..." एवढं म्हणून ते थांबले. उठून उभे राहिले, होडी डुलली, मी त्यांचा पट्टा धरला. "पांढरं," म्हणाले. "आम्पारो, पांढरं दिसतंय! खिंडीखाली! दिसतंय गं मला!" लहान पोरासारखे ओरडत होते. माउलीचं नाव घेतलं, आईचं घेतलं, शिव्याही दिल्या दोन-चार.

तेवढ्यावर गप्प बसता आलं असतं. चमत्कार झाला म्हणाले असते, माउलीला मेणबत्ती लावली असती. पण मग माउलीचंच नाव झालं असतं, माझं काय? मी म्हटलं, "बाबा, तुमचे डोळे गेलेच नव्हते. भिंत मी तांबडी केली होती. ओफेलियाच्या घरासारखी. आता पुन्हा पांढरी केली."

ते हळूच खाली बसले. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. मी गालही पुढं केला.

आणि ते हसायला लागले. पोट धरून हसले. "एकदा तुझ्या आईशी भांडलो होतो," म्हणाले. "तिनं माझी सगळी काळी जाळी आणून त्याच भिंतीवर वाळत घातली. आठवडाभर काढलीच नाहीत. मी पाण्यावर नुसता भिरभिरतोय. शेवटी घरी येऊन पाय धरले. तिनं एक शब्द न बोलता जाळी उतरवली."

"म्हणजे आईला ठाऊक होतं?"

"मी कधी सांगितलं नव्हतं. तिनं मला कधी विचारलंही नव्हतं."

मग मी विचारलं. इतकी वर्षं घशात अडकलेलं, एकदाचं विचारलं. "मला का नाही, बाबा? खुणा मला का नाही दिल्या?"

त्यांना प्रश्नच कळेना. "तुला दिल्या असत्या तर तू होडीत आली असतीस. मग भिंत कुणी रंगवली असती? ओफेलियानं? ती एका वर्षात विसरली असती. खुणा कुणालाही देता येतात, पोरी. चुना लावायला विश्वासाचं माणूस लागतं."

मला रडावं की त्यांना पाण्यात ढकलावं, कळेना. माझ्यावर एवढा विश्वास, आणि तो मलाच माहीत नाही! एकदा तोंडानं बोलायला काय झालं होतं? मी तसं म्हटलंही. फार मोठ्यानं म्हटलं. पाणकोळी उडाले.

ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "दक्षिणेकडं बघ. मला दिसत नाही, तू सांग काय दिसतंय." मी सांगत गेले, ते ‘पुढं, आणखी पुढं’ म्हणत गेले, आणि एका जागी म्हणाले, "हां. ते ज्याच्या मागं जाईल, ती दुसरी रेघ. आता दोन्ही धरून घे होडी." मी घेतली. नांगर टाकला. तो वाळूत गेला नाही, खडकात अडकला. गळ टाकला, आणि खालून असे लागोपाठ दोन हिसके आले की हात खांद्यातून निघतो की काय वाटलं. दोन हिसके म्हणजे वर ओढ, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

हेकरू होता, माझ्या कमरेएवढा. पुळणीवर चेमाच्या समोरून ओढत नेला, मुद्दाम लांबच्या वाटेनं.

तर दुसरी रेघ मी लिहिणार नाही. कागदावर लिहायची नसते. एकालाच द्यायची असते, आणि ती आता दिलेली आहे. बाबा म्हणतात, "ओफेलियाला उगाच त्रास नको, तिचा संसार आहे, तिला कळव की येऊ नकोस." त्यांचा निरोप शब्दाला शब्द लिहिला.

आता माझं ऐक. ये.

एवेलिओला आणायचं तर आण. त्याच्यासाठी वागळीचा किस मी करणार नाही, पण वाळवलेल्या वागळीचा डबा कुठं ठेवलाय ते तुला सांगेन. तुझी ती एक चप्पल खुंटीवरून काढून मी उन्हात ठेवलीय, रबर अजून शाबूत आहे. हंगाम पुढं मोठा आहे आणि वॉल्टरनं कळवलंय की तंबू पुन्हा आपल्याकडेच. मला रोज पाण्यावर जावं लागेल. बाबा पुढं बसतील, मोटर माझ्या हातात.

येताना वाटेत लोरेतो गावात उतरून चुन्याचं एक पोतं घे. भिंतीला वर्षातून एकदा हात द्यावा लागतो, खारं वारं फार खातं. मी तर होडीत असेन. भिंत पांढरी ठेवायला जमिनीवर कुणीतरी विश्वासाचं लागतं, आणि मला तुझ्याशिवाय दुसरी बहीण नाही.

आम्पारो